दिवसा, डोळे उघडे, दोरी बांधून

"डोळे मिट," डॉक्टर म्हणाल्या.

मी मिटले नाहीत.

"दोन्ही पाय जुळव, हात छातीवर घे आणि डोळे मिट. अर्धा मिनिट फक्त."

"आणि तुम्ही 'उघड' म्हणालात ते मला कळणार कसं?"

डॉक्टर गव्हाणेंनी कपाळावर हात मारून घेतला. चार महिने त्या आमच्याच घरी माडीवर भाड्याने राहत होत्या, आमच्याच पंक्तीला जेवत होत्या, तरी विसरल्या. मला ऐकू येत नाही. सातव्या वर्षी मेंदूज्वर झाला. एकवीस दिवसांनी शुद्धीवर आले तेव्हा आईचे ओठ हलत होते आणि आवाज कुठेच नव्हता. तोवर बोलायला शिकलेली होते म्हणून बोलते, आणि समोरच्याचे ओठ वाचते. डोळे मिटले की समोरचा माणूस संपला.

"खांद्यावर थाप मारीन," डॉक्टर म्हणाल्या. "मी मागे उभी राहते. पडू देणार नाही."

म्हणजे पडणार, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

मिटले डोळे. एक मोजला, दोन मोजला. तीनच्या आधीच पायाखालची फरशी मला न विचारता निघून गेली. डोळे उघडले तेव्हा मी डॉक्टरांच्या अंगावर होते, डॉक्टर वजनकाट्यावर होत्या आणि काटा आम्हा दोघींचं मिळून एकशे सात किलो दाखवत होता.

हसलो दोघी. मग त्या टेबलाशी गेल्या आणि हसणं पुसून लिहायला बसल्या. डॉक्टरांचं अक्षर उलट्या बाजूनंही मला लागायचं. 'समुद्रावरील कामास अपात्र.'

"तुम्ही असं लिहिणार?"

"मग खोटं लिहून देऊ का बाई? तू डोळे मिटून तीन सेकंद उभी राहू शकत नाहीस. कोरड्या फरशीवर. आणि बोटीवर जायचं म्हणतेस."

"खरंच लिहा. पण सगळं खरं लिहा. हे सगळं नाही."

मी बहुतेक ओरडले असणार. माझा आवाज किती मोठा होतो ते मला कळत नाही. दाराबाहेरच्या बाकावरची दोन माणसं आत डोकावून गेली, त्यावरून म्हणते.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला एक नोकरी हवी होती. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर एक अभ्यास प्रकल्प चालू होता. पुण्याचे बेहेरे सर तो चालवत. वर्षभर, दर पंधरा दिवसांनी, किनाऱ्यापासून चार मैल बाहेर ठरलेल्या एकाच जागी जायचं आणि वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं. पाणी किती गरम, किती खारट, त्यात कोणते बारीक जीव. एक फेरी चुकली तर वर्षाच्या मालिकेला भोक पडतं, असं सर लिहून सांगत. बोट आमचीच होती. बाबा गावातले जुने तांडेल, जन्मभर बोट चालवलेले. मासेमारी परवडेना तेव्हा त्यांनी बोट सरांना भाड्याने दिली.

किनाऱ्यावरचं काम मी आधीपासून करतच होते. बाटल्या आम्लानं धुवायच्या, चिठ्ठ्या लावायच्या, वहीत नोंदी. बोटीवर जायला सरांनी दोन माणसं ठेवली, दोन्ही टिकली नाहीत. पहिला तिसऱ्या फेरीनंतर आलाच नाही. दुसरा बोटीवर ओकता ओकता पाणी मोजायचं यंत्रच समुद्रात सोडून आला. जागा रिकामी झाली आणि मी अर्ज केला. अर्जाला तब्येतीचा दाखला जोडायचा होता. तो आता माझ्या हातात होता.

घरी आले तेव्हा बाबा अंगणात जाळं सांधत बसले होते. मी दाखला त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी वाचला आणि नीट घडी करून परत दिला. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण मी आयुष्यभर चेहरेच वाचत आलेय. त्यांना बरं वाटलं होतं.

"बरां झाला," मान वर करून ते सावकाश म्हणाले. माझ्याशी बोलताना बाबा प्रत्येक शब्द ताटात वाढल्यासारखा ठेवत. "आता इषय संपलो."

"माझो नाय संपलो."

"चेडवा, तुका चलताना नीट चलाक येणा नाय."

हेही खरंच होतं. दुखण्यानंतर मी पुन्हा चालायला शिकले, पण वाळूत माझी पावलं अजूनही तिरकी पडत. संध्याकाळ झाली की भिंतीला हात लावून चालायची. भरभर चालले तर दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं नाचायची. शाळेत मला भोवरी म्हणत. कोणी मागून धक्का द्यायचं आणि मी किती वेळ डुलते ते मोजायचं, हा मधल्या सुटीतला खेळ होता. सगळे धरून चालत की ऐकू येत नाही म्हणून ही अशी चालते, बिचारी. मीही तसंच धरून चालायची.

पण बाबांच्या मनात चालणं नव्हतं. त्यांच्या मनात खाडी होती. मी नऊ वर्षांची असताना होडीतून खाडीत पडले. पोहता येत होतं मला, दुखण्याआधी बाबांनीच शिकवलं होतं. पाणी गढूळ. मी जोर लावून वर निघाले, हातपाय मारत राहिले, आणि हाताला चिखल लागला. मी वर नव्हते जात, खाली जात होते. वर कुठे आहे ते मला कळतच नव्हतं. बाबांनी वेणीला धरून मला ओढून काढलं. त्यानंतर तेरा वर्षं मी बोटीत पाय ठेवला नाही. ठेवू दिला नाही.

"त्या येळेक केस हाताक लागले," बाबा म्हणाले. एवढंच. मग पुन्हा जाळ्यात मान घातली. मान खाली घातली की बोलणं बंद, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माझ्याशी भांडताना त्याचा फार उपयोग व्हायचा.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, फेरीची तारीख होती. माणूस नव्हता, म्हणून सर स्वतःच पाणी काढणार होते. आणि डॉक्टर गव्हाणे लातूरच्या. तोवर त्यांनी समुद्र पाहिला होता तो घरच्या खिडकीतून आणि किनाऱ्यावर पाय भिजवून. त्या म्हणाल्या, मला न्याल का, डॉल्फिन दिसतात म्हणे.

आईनं मग जे केलं ते आमच्याकडची कोणतीही बाई करील. पाहुणी पहिल्यांदा दर्यावर चालली म्हणून पहाटे उठून घावणे घातले. सोबत नारळाचा गूळ घातलेला रस.

"उपाशी पोटान दर्यात जाव नये," आई वाढत होती. "आणि एक घावणो घेवा, डॉक्टरीणबाय. सर, तुम्ही काय लाजतास?"

सर लाजले नाहीत. मी मोजले, त्यांनी सात खाल्ले. डॉक्टरांनी पाच, आणि रसाची वाटी दोनदा. बाबांनी फक्त चहा घेतला. आईसमोर बोलायची त्यांची टाप नव्हती.

बाटल्यांची पेटी माझ्याकडे होती. धक्क्यापर्यंत मी ती घेऊन जायची, हे ठरलेलं. धक्क्यावर पोचले, बाबा यंत्राकडे वाकलेले होते, सर डॉक्टरांना नारिंगी जाकीट घालायला मदत करत होते. मी पेटी छातीशी धरून फळीवर बसले, बसल्या बसल्या पुढे सरकले आणि बोटीत उतरले. एक जाकीट उचलून अंगात घातलं.

बाबा वळले.

"उतर."

मी हलले नाही.

"तुका काय सांगलंय? उत—"

मी डोळे मिटले.

दवाखान्यात मी डोळे मिटायला तयार नव्हते. इथे मी ते अगदी आनंदानं मिटले. डोळे मिटले की मला जगात कोणी काही सांगू शकत नाही. बाप नाही, डॉक्टर नाही, देव नाही. बसलेली होते, पाठीला बोटीची कड होती, पडायचा प्रश्न नव्हता. खाली लाकडात यंत्राची थरथर सुरू झालेली लागत होती. बाबा काय काय म्हणाले ते मला आजतागायत माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, ते विचारूच नकोस.

बऱ्याच वेळानं थरथर बदलली. डोळे उघडले तेव्हा धक्का मागे गेला होता आणि बाबांच्या मानेच्या शिरा ताठ होत्या.

वारा नव्हता. पण दर्या फुगलेला होता. दिवाळीच्या आधी कधीकधी असं होतं, लाट फुटत नाही, नुसती खालून उचलते आणि सोडून देते. किल्ल्याच्या आडोशात होतो तोवर डॉक्टर उभ्या राहून फोनवर फोटो काढत होत्या. आडोसा सुटला तशा त्या बसल्या. थोड्या वेळानं बोलायच्या थांबल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी फळी धरली आणि आमच्या बोटीच्या तळाशी काहीतरी फार महत्त्वाचं लिहिलेलं असावं तशा खाली बघत राहिल्या.

"लांब बघा," मी म्हटलं. "जिथे पाणी संपतं तिथे."

त्यांनी मान हलवली आणि मग कडेवरून बाहेर वाकल्या. पाच घावणे आणि दोन वाट्या रस.

ठरलेल्या जागी पोचून बाबांनी यंत्र बंद केलं. बाटल्या सोडायच्या तर बंद करावंच लागतं. चालती बोट तरी लाटेला तोंड देते, थांबलेली बोट आडवी होते आणि या कुशीवरून त्या कुशीवर लोळत राहते. वर डिझेलचा वास. सर उठले, त्यांनी बाटलीचा दोर हातात घेतला, दोन पावलं टाकली आणि तो दोर तसाच हातात धरून गुडघ्यांवर बसले. तसला रंग मी कधी माणसाचा पाहिला नव्हता. कच्च्या कैरीचा असतो तसा. सात घावण्यांना बराच वेळ लागला.

"परत फिरू," बाबा त्यांना म्हणाले.

सरांनी मान जोरात हलवली. नाही. मालिकेला भोक पडेल.

"मग काडतलो कोण पाणी? मी सुकाणू सोडूक शकणंय नाय."

मी उठले.

उठले म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं. मी काही नाचले नाही. पहिल्या लाटेला आपटलेच, कोपर फुटलं. दुसऱ्यांदा उठले ती गुडघे बोटीच्या कडेला रोवून, आणि नजर लांब त्या रेषेवर अडकवून, जिथे पाणी संपतं. रेषा हलत नव्हती. बोट हलू दे, पाणी हलू दे, ती जागेवर. माझे डोळे तिला धरून होते आणि पायाचे तळवे लाकडाला. एवढ्यावर माझं भागतं. एवढ्यावरच माझं पंधरा वर्षं भागत आलं होतं.

बाबांचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. त्यांना बोट दिसत नव्हती, खाडी दिसत होती.

मी तिथली नायलॉनची दोरी उचलली. एक टोक कमरेला बांधलं, जाकिटाच्या पट्ट्याखालून घेऊन, त्यांनीच लहानपणी शिकवलेली गाठ मारून. दुसरं टोक घेऊन गुडघ्यांवर रांगत त्यांच्यापाशी गेले आणि त्यांच्या सुकाणूवरच्या हाताला दोन वेढे दिले.

"पाण्यात पडलंय तर माका वयर खंय ता कळाचा नाय," मी म्हटलं. "तुमका कळतला. ओढा."

त्यांनी तिसरा वेढा दिला.

मग मी पाणी काढलं. बाटली दोन्ही तोंडांनी उघडी, दोराला बांधलेली. दोरावर रंगीत चिंध्यांच्या खुणा, लाल म्हणजे पाच मीटर, पिवळी म्हणजे दहा. खुणेपर्यंत सोडायची, मग दोरावरून एक छोटं वजन घरंगळत सोडायचं. ते खाली जाऊन बाटलीवर आपटतं आणि झाकणं मिटतात. सरांच्या चिठ्ठीत होतं, त्याचा 'टक्' आवाज आला की ओढायचं. आवाजाचं मला काय करायचं होतं? दोर दोन बोटांत धरला की टक् बोटांना कळतं. मी पहिली बाटली ओढली. सर आडवे पडल्या पडल्या मला बोटांनी आकडे दाखवत होते, पाच, पुन्हा पाच, आता दहा. मध्येच हात खाली जायचा, डोकं कडेबाहेर जायचं, मग हात पुन्हा वर यायचा. दहा.

आणखी एकदा आपटले. ओठाला रक्त आलं. सगळ्या बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या, बारीक जाळीची पिशवी सोडून ओढून घेतली, वहीत वेळ लिहिली. मग पेटी बंद केली आणि मला भूक लागली. डब्यात दोन घावणे उरले होते. मी तिथेच पेटीवर बसून खाल्ले.

डॉक्टर एक डोळा उघडून माझ्याकडे बघत होत्या. इतक्या तिरस्कारानं माझ्याकडे त्यानंतर कोणी पाहिलेलं नाही.

किल्ल्याच्या आडोशाला परत आलो तसं पाणी निवलं. डॉक्टर उठून बसल्या, तोंड धुतलं. पिशवीतून औषधं लिहायचं पॅड काढलं. फार बोलायचं असलं की त्या माझ्यासाठी लिहीत, कारण त्यांचं बोलणं भरभर, ओठ मागे पडायचे. ते कागद अजून माझ्याकडे आहेत.

'तुला मळमळलं नाही?'

"नाही."

'चक्कर?'

"कधीच नाही."

'कधीच म्हणजे? घाटात? गाडीत?'

"गगनबावड्याच्या घाटात सगळी गाडी ओकत असते. मी भेळ खाते. जत्रेतल्या पाळण्यात मला कोणी सोबत नेत नाही, म्हणतात तुझ्यासोबत मजा नाही, तू घाबरतच नाहीस." मला सांगताना हसू येत होतं. "लहानपणी मुली गरगर फिरून पडायच्या. मी फिरायची आणि थांबायची. त्यांना काय होतं ते मला कधी कळलंच नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं. मग त्यांनी एक चित्र काढलं. आधी गोगलगाईसारखा एक वेटोळा.

'हा ऐकायचा भाग. कानाच्या आत, हाडात. सगळ्यांना वाटतं कान म्हणजे एवढंच.'

त्याला चिकटून त्यांनी तीन कड्या काढल्या. एक उभी, एक आडवी, एक तिरकी.

'या तीन नळ्या. आत पाणी. डोकं वळलं की पाणी मागे राहतं, त्यातले बारीक केस वाकतात, मेंदूला कळतं कुठे वळलो.' मग कड्यांच्या बुडाशी दोन थैल्या. 'यांत बारीक खडे. चुन्याचे. वाळूसारखे. खडे ज्या बाजूला ओढले जातात ती बाजू खाली. डोळे मिटले, पाण्यात बुडालो, तरी वर कुठे आणि खाली कुठे ते हे खडे सांगतात.'

खाडीतला चिखल पुन्हा हाताला लागला.

'मेंदूज्वरात तुझी नुसती गोगलगाय गेली नाही,' त्यांनी लिहिलं. 'शेजारचं घरही गेलं. दोन्ही बाजूंचं. मी काल ते तपासलं, पण एकच टोक तपासलं. बोट लागते कधी? डोळे सांगतात बोट स्थिर आहे, कान सांगतात हलतेय. दोघं भांडतात आणि पोट उलटतं. माझ्यात आज जे भांडण झालं ना, ते तुझ्यात होऊच शकत नाही. भांडायला दुसरं कोणी उरलंच नाही.'

मी ते दोनदा वाचलं. पंधरा वर्षं मी भोवरी होते. शाळेत, रस्त्यावर, लग्नाच्या बोलण्यांत. मी नीट पाय टाकत नाही म्हणून, माझं लक्ष नसतं म्हणून, मी बिचारी म्हणून. आणि हे काय होतं तर दोन थैल्या आणि तीन कड्या, शेंगदाण्याएवढ्या जागेत.

"म्हणजे काल ज्यामुळे तुम्ही मला नापास केलंत," मी म्हटलं, "त्याच्यामुळेच मी आज घावणे खाल्ले."

डॉक्टर लातुरी शिवी हासडून हसल्या. तेवढी मला ओठांवरून नीट वाचता आली.

"मग आता सगळं खरं लिहा," मी म्हटलं.

त्यांनी पॅडचा नवा कागद घेतला. गुडघ्यावर ठेवून, बोट डुलत असताना, विचार करून करून लिहिला. 'अंधारात, डोळे मिटून आणि पाण्याखाली: अपात्र. दिवसा, डोळे उघडे ठेवून, जाकीट घालून, दोरी बांधून, वडील सोबत असताना: समुद्रावरील कामास पात्र.' खाली सही. शिक्का उद्या दवाखान्यात, म्हणाल्या.

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि 'वडील सोबत असताना' यावर रेघ मारली.

"हर्षा! दाखल्यात खाडाखोड चालत नाही."

"मग नवा लिहा. डोळे माझे, दोरी माझी. वडील कशाला?"

"अगं, कोणीतरी दोरीचं टोक धरायला नको?"

"बोटीला खुंटा असतो."

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. सरांनीही, आडव्या पडल्या पडल्या. बाबा सुकाणूवर उभे होते. दोरीचे तीन वेढे अजून हातावर तसेच होते, मनगटावर लाल वळ उठला होता. मीही पाहिलं, आणि मनातल्या मनात सगळी उत्तरं तयार ठेवली. या वेळी डोळे मिटणार नव्हते.

"खोडूक द्या तिका," बाबा म्हणाले. माझ्याकडे तोंड करून, सावकाश, ताटात वाढल्यासारखं. "मी काय तिका जल्मभर पुरतलंय? दोरी लिवा. दोरी जुनी झाली तर बदलूक येता."

मी पेन डॉक्टरांना परत दिलं.

धक्क्याला लागलो तेव्हा धक्क्यावर रविवारची गर्दी होती. बाबांनी फळी टाकली. आधी सर उतरले. इतका वेळ समुद्रात डुलून आलेल्याला जमीन डुलल्यासारखी वाटते, हे मला ऐकून माहीत होतं. सरांनी धक्क्यावर तीन पावलं टाकली ती तिन्ही तिरकी, आणि त्यांनी मासळीची एक पाटी धरली. मागून डॉक्टर उतरल्या, त्या डावीकडे गेल्या, मग उजवीकडे, मग त्यांनी सरांना धरलं. शेवटी मी, पेटी छातीशी धरून, माझ्या नेहमीच्या चालीनं.

"काय रे यशवंता," धक्क्यावरचा एक म्हातारा बाबांना म्हणत होता, "सगळ्यांका पाजून हाडलंस की काय?"

माणसं हसत होती. तिघांना हसत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी जशी चालत होते तसेच सगळे चालत होते, आणि त्यातल्या त्यात मीच बरी चालत होते. डॉक्टरांनी दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "धर गं बाई," म्हणाल्या, "तुला सवय आहे."

मागे बाबा काहीतरी मोठ्यानं म्हणाले. मी वळले तोवर शेवटचेच शब्द मिळाले. "...सगळे आडवे, आणि ह्यां एकटां उभां!" ते त्या म्हाताऱ्याला सांगत होते. मग पुढच्या माणसाला सांगितलं. मग त्याच्या पुढच्या.

बेहेरे सरांच्या मिशा ओठांवर उतरलेल्या असत. त्यांचं एक अक्षर मला वाचता येत नसे, सगळं काम खाणाखुणांवर आणि चिठ्ठ्यांवर चालायचं. सोमवारी मी शिक्का मारलेला दाखला घेऊन गेले तेव्हा त्यांनी तो वाचला, फाइलला लावला आणि मान वर केली. मिशा ओठांवरून चांगल्या दोन बोटं कापलेल्या होत्या. ओठ गुलाबी, नवेच दिसत होते.

"पुढची फेरी एकोणतीस तारखेला," ते म्हणाले. "आईंना सांगा, घावणे नकोत."

त्याला आता आठ वर्षं झाली. प्रकल्प वाढत गेला, फेऱ्या अजून चालू आहेत. बाबांचे गुडघे गेले, ते किनाऱ्यावरच असतात. बोटीवर दुसरे तांडेल आहेत. दोरी तीनदा बदलली. गेलं सव्वा वर्ष मात्र मी फेरीला गेलेली नाही, एकोणतीस तारखेपासून पुन्हा जाणार आहे. लोक विचारतात, एवढ्याशा मुलीला सोडून? आणि त्याआधी विचारायचे, बाळ रडलं तर तुला कळणार कसं? विचारताना चेहरा असा करतात, की मी ओठ वाचले नसते तरी चाललं असतं.

ती दुपारी दोन तास झोपते. तेवढ्यात हे लिहायचं, इथे खाली बसून, पाळण्याकडे पाठ करून. पाळण्याची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली आहे. तीन वेढे.

ओढली.